मदत हवी आहे : एफटीसी संघात ड्रायव्हर कुणाला करावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या शाळेचा रोबोटिक्स संघ यंदा 'फर्स्ट टेक चॅलेंज' (एफटीसी) या शाळकरी मुलांच्या रोबो-स्पर्धेत उतरतोय. मी मार्गदर्शक आहे. रोबो चालायला लागलाय, जांभळे-हिरवे चेंडू गोलमध्ये टाकतोय. घोडं अडलंय ते ड्रायव्हर ठरवण्यापाशी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिली 30 सेकंदं रोबो स्वतःच्या प्रोग्रामवर चालतो, नंतरची 2 मिनिटं मुलं गेमपॅडवर चालवतात. मैदानाशी दोन ड्रायव्हर, एक ह्यूमन प्लेअर (हाताने चेंडू मैदानात देणारा) आणि एक ड्राइव्ह कोच, एवढेच उभे राहतात. कोच तोंडाने सांगणार, गेमपॅडला हात लावणार नाही.

आमच्याकडे सगळ्यात चपळ हात अकरावीतल्या मुलाचा आहे. पण प्रोग्रामिंगही तोच बघतो. दोन सामन्यांच्या मधे ऑटोनॉमस (पहिल्या 30 सेकंदांचा प्रोग्राम) बिघडलं, तर लॅपटॉप घेऊन बसणारा माणूसच पुढच्या सामन्याच्या रांगेत उभा असणार. शिवाय परीक्षकांना कोड समजावून सांगायचा तोही त्यानेच. एकाच पोरावर किती टाकायचं?

दुसरी आहे आठवीतली मुलगी. वेगाने थोडी कमी, पण तिचं चालवणं बघत राहावंसं वाटतं. गोलच्या जवळ येताना ती स्टिक आधीच सैल सोडते, त्यामुळे रोबो अलगद थांबतो आणि पहिलाच नेम लागतो. मुलगा स्टिक शेवटपर्यंत दाबून धरतो. रोबो भिंतीवर आदळतो, मग पुन्हा सरळ करण्यात वेळ जातो. सरावाच्या मैदानावर एकटा रोबो असताना हे खपून जातं. समोरचा संघ आडवा आला की काय होईल, याची मला धास्ती आहे.

माझा कल तिला पहिला ड्रायव्हर करण्याकडे आहे, चाकं तिच्याकडे. शूटर (चेंडू फेकणारा भाग) दुसऱ्या गेमपॅडवर, तिथे बांधणीतलं कुणीतरी. मुलाला कोच करावं का? त्याला रोबोची नस न् नस माहीत आहे. पण मग रांगेत उभं राहण्याचा प्रश्न तसाच राहतो. आणि मोठ्या मुलांना वाटतंय की इतकी वर्षं राबलो ते आम्ही, गेमपॅड मात्र धाकटीच्या हातात. त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही.

ज्यांनी संघ चालवलेत त्यांना विचारायचंय:

निवड चाचणी कशी घेता? फक्त 2 मिनिटांतले गुण मोजता, की मुद्दाम दुसरा रोबो आडवा घालून, अर्धी उतरलेली बॅटरी लावूनही बघता?

ड्रायव्हरांची जोडी पूर्ण हंगाम तीच ठेवता, की पात्रता सामन्यांत राखीव जोडीलाही उतरवता? जोडी बदलली की आपसातली बोली तुटते, असं मला वाटतं.

आणि निर्णय मुलांना कसा सांगता? सगळ्यांसमोर, की आधी एकेकाला बाजूला घेऊन?

शनिवारी चाचणी ठेवली आहे. त्याआधी कुणी लिहिलंत तर फार उपयोग होईल.