गोड्या पाण्यातील लाकडी जहाजे का टिकतात?

उत्तर अमेरिकेतील ह्युरॉन सरोवरात सायंकाळी बुडी मारून पाहिलेले बुडालेले लाकडी जहाज शतकानंतरही इतके शाबूत कसे, या आपल्या प्रश्नाला ही पुरवणी. समुद्रात लाकूड पोखरणारे टेरेडो हे शिंपलावर्गीय जीव तिथल्या गोड्या पाण्यात जगू शकत नाहीत आणि तळाचे थंडगार पाणी कुजण्याची क्रिया मंदावते, म्हणून फळ्या टिकतात; अलीकडे मात्र क्वागा शिंपल्यांचे थर त्यांवर चढत आहेत, ही मला फार चिंतेची बाब वाटते. आमच्या भुसावळजवळच्या हतनूर जलाशयात तापी-पूर्णेचा गाळ एवढा साचतो की, तिथे असे काही स्पष्ट दिसणे कठीणच. अशा बुडीसाठी भाड्याच्या बोटीवरून सायंकाळी पाण्यात उतरताना प्रत्येकाजवळ दोन विजेऱ्या असाव्यात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने खाली जाण्यासाठी कमरेला वजन म्हणून शिसेही कमी बांधावे लागते.