ट्रेनरकडे पाठवण्याआधी कान-दात तपासा

भीतीनं गुरगुरणाऱ्या, चावायला येणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, यावर वर एकांनी सुचवलंय की त्याला पंधरा दिवस ट्रेनरकडे सोडा, सरळ होऊन येतो. मला नाही पटत. भित्रं कुत्रं माराला घाबरून गप्प बसतं, भीती जात नाही. उलट गुरगुरायचं सोडतं आणि पुढच्या वेळी थेट चावतं.

दुखण्याचा विषय इथं कुणीच काढला नाही. खानापूरला आमच्याकडं मुधोळ आहे (मुळात परक्यांपासून जरा लांबच राहणारी जात). पट्ट्याला हात लावला की दात दाखवायचा. बेळगावच्या पशुवैद्यांनी आधी कान बघितले, तर आत खोलवर इन्फेक्शन. औषधानं ते निवळलं, दूधवाल्याच्या मोटारसायकलची धास्ती मात्र राहिली. त्यासाठी पुण्याच्या बिहेवियरिस्टनी (कुत्र्यांच्या वागणुकीचे तज्ज्ञ) व्हिडिओ कॉलवर शिकवलं: कुत्रं शांत राहील इतक्या लांब उभं राहायचं, गाडी दिसली की उकडलेल्या चिकनचा तुकडा, गाडी गेली की खाऊ बंद. अंतर हळूहळू कमी करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण आता तो गाडी दिसली की आमच्या खिशाकडं बघतो. चावू नये म्हणून तोंडाला काही लावायचं असेल, तर तोंड आवळणारी कापडी पट्टी नको, जाळीचं मझल (मुसकं) घ्या. त्यात धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. भीती फारच असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिनसारखी भीती कमी करणारी गोळी देतात, तिचा गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात. रेबीजची लस चुकवू नका.

आणि ट्रेनरला फी विचारायच्या आधी एवढं विचारा, कुत्रं गुरगुरलं तर तुम्ही काय करता? चोक चेनचं (ओढली की गळा आवळणारी साखळी) नाव निघालं तर सरळ परत या.