सागवानी फर्निचरचा खात्रीचा विक्रेता कसा ओळखावा?

प्रश्न: पुण्यात सागवानी जेवणाचे टेबल घ्यायचे आहे. प्रत्येक दुकानदार ‘अस्सल साग’ असे छातीठोकपणे सांगतो. भरवसा कोणावर ठेवावा?

प्रतिसाद १: पॉलिश करण्यापूर्वीचे लाकूड दाखवण्यास जो विक्रेता का-कू करतो, त्याच्याकडे वेळ घालवू नये. टेबलाची कड निरखून पाहावी: अखंड लाकडात वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात, तर प्लायवूडवर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्यात त्या कडेशीच तुटतात. गाभ्याबाहेरचे फिकट लाकूडही गडद पॉलिशखाली सर्रास खपवले जाते आणि कीड लागते ती नेमकी त्यालाच.

प्रतिसाद २: बिलावर नुसते ‘साग’ नको, माल चंद्रपूर-गडचिरोलीकडचा की आफ्रिकेतला, हे लिहून घ्यावे. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे स्वस्तातल्या ‘बर्मा टीक’कडे, माझ्या मते, संशयानेच पाहावे.

प्रतिसाद ३: लाकूड पुरते वाळवलेले आहे का, हेही विचारावे, अन्यथा पहिल्या उन्हाळ्यातच सांधे उकलतात. ओळखीचा सुतार असल्यास मला तोच पर्याय बरा वाटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जुन्या वाड्यांतून निघालेल्या सागाविषयी कोणाचा अनुभव आहे का?