सल्ला हवा: महासत्तांचं वैर मिटतं का? वाचनकट्ट्यासाठी कुठली उदाहरणं घ्यावीत?

दादरकट्टा

दादरला आमचा वाचनकट्टा चालतो. येत्या महिन्यात तीन शनिवार, संध्याकाळी ५ ते ७, 'महासत्तांचं वैर कधी संपतं का' हा विषय ठरलाय. (रविवार मेगाब्लॉकमुळे कायमचा बाद.) साधारण २२ जण येतात. निम्मे बँक, रेल्वे, बीपीटीतून (मुंबई बंदर) निवृत्त झालेले, चार-पाच स्पर्धा परीक्षावाले, बाकी मिश्र.

हवंय ते असं: तीनच जोड्या सुचवा, आणि त्याच का तेही सांगा. चर्चा वृत्तवाहिनीवरच्या भांडणासारखी होऊ नये म्हणून एखादी कृती सुचवा. आणि भारत-चीन घ्यावं की टाळावं? अमेरिका-चीन शेवटी येणारच, ते धरून चाललोय. 'राजकारणात कायमचा शत्रू नसतो' हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, कृपया त्याच्या पुढचं सांगा.

तहनामा

निवडताना एकच चाळणी लावा. दोघेही आपापल्या पायावर उभे असताना वैर मिटलं का? एक जण मोडून पडल्यावर झालेला समेट हा वेगळा प्रकार. या चाळणीतून माझ्या मते तीन जोड्या उरतात: ब्रिटन-अमेरिका (१८९५ ते १९०६), रशिया-चीन (१९६९ ते २००८), अमेरिका-सोव्हिएत (१९६२ ते १९९१ आणि नंतरची घसरण).

सुरुवात ब्रिटन-अमेरिकेने करा. आज ते दोघे भांडत होते हेच कुणाला आठवत नाही, त्यामुळे डोकी थंड राहतात. डिसेंबर १८९५ मध्ये व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्या सीमावादात अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी ब्रिटनला थेट दम भरला. युद्धाची भाषा सुरू झाली. मग ब्रिटनने एकेक करत सोडायला सुरुवात केली. आधी लवाद मान्य केला. १९०१ च्या हे-पॉन्सफोट करारात मध्य अमेरिकेतल्या कालव्यावरचा १८५० पासूनचा समान हक्क सोडला. १९०३ मध्ये अलास्का सीमेच्या लवादात ब्रिटिश न्यायमूर्ती लॉर्ड अल्व्हरस्टोन यांनी अमेरिकेच्या बाजूने मत दिलं आणि निकाल ४ विरुद्ध २ लागला. कॅनडाचे दोघे संतापले. १९०६ पर्यंत कॅनडातल्या हॅलिफॅक्सची ब्रिटिश पलटणही निघून गेली.

कारण काय, हे गटाला शोधू द्या. उत्तर जर्मनीत आहे. १८९८ आणि १९०० चे जर्मन नौदल कायदे झाल्यावर ब्रिटनला आरमार घराजवळ हवं होतं. सगळ्यांशी एकदम वैर परवडेना, म्हणून जिथे स्वस्तात मिटेल तिथे मिटवलं. एकतर्फी सवलती दिल्या, आणि समोरच्याने त्याचा फायदा उपटून आणखी मागणं वाढवलं नाही. हे दुसरं अर्धं फार महत्त्वाचं आहे, लोक तेच विसरतात.

प्रत्येक जोडीसाठी फळ्यावर पाच रकाने आखा: वादाची वस्तू, पहिलं पाऊल कुणाचं, पडताळणीची सोय काय, दोघांना भीती कुणाची, आणि बिल कुणाच्या नावावर फाटलं. शेवटचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. १८९९ च्या लवादात पाच जण होते: दोन ब्रिटिश, दोन अमेरिकन, अध्यक्ष रशियन. व्हेनेझुएलाचा एकही नाही. वादातली सुमारे ९० टक्के जमीन ब्रिटिश गयानाला गेली. १९६२ मध्ये व्हेनेझुएलाने तो निवाडा अमान्य केला आणि आज तोच वाद, एसेक्विबो या प्रदेशाचा, आंतरराष्ट्रीय न्यायालयात आहे. दोन मोठ्यांचं मिटलं, तिसऱ्याचं सव्वाशे वर्षं चाललंय.

नकाशेवाला

रशिया-चीनला +१. ही जोडी सगळ्यात शिकवणारी, आणि मराठीत हिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या दमान्स्की (चिनी नाव झेनबाओ) बेटावर गोळीबार झाला, माणसं मेली. दोघेही अण्वस्त्रधारी. त्यानंतर दहा-बारा वर्षं फारसं काही हललं नाही. मग १९८२ च्या सुमारास चीनने तीन अडथळे नावानिशी सांगितले: अफगाणिस्तानातलं सोव्हिएत सैन्य, कंबोडियातलं व्हिएतनामी सैन्य, आणि सीमेवर व मंगोलियात असलेलं सोव्हिएत सैन्य. 'आमच्याशी नीट वागा' अशी मोघम मागणी नव्हती. काय काढलं म्हणजे झालं, हे मोजता येत होतं. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह मे १९८९ मध्ये बीजिंगला गेले तेव्हा तिन्हींवर काम झालेलं होतं.

पुढचा क्रम लिहून घ्या:

मे १९९१: पूर्व सीमेचा करार. नदीत मुख्य जलमार्गाची मधली रेषा हीच सीमा, हे तत्त्व आधी ठरलं, बेटांची वाटणी त्यावरून. जी बेटं जमेनात (खाबारोव्स्कजवळची आणि अर्गुन नदीतलं एक) ती बाजूला ठेवली, पण बाकीची हजारो किलोमीटर सीमा त्यांच्यासाठी अडवली नाही.

१९९६ आणि १९९७: मध्य आशियाच्या तीन देशांसह सीमेपासून १०० किमी पट्ट्यात सैन्य आणि शस्त्रं किती, यावर मर्यादा.

२००४: उरलेल्या बेटांचाही निकाल. ऑक्टोबर २००८ मध्ये ताराबारोव्ह बेट आणि बोल्शोई उसुरिस्कीचा सुमारे अर्धा भाग चीनकडे गेला.

म्हणजे रेषा आधी, सैन्य मग, गळाभेटी शेवटी. हा क्रम उलटा केला की काय होतं ते भारत-चीनमध्ये दिसतं, पण ते वेगळं लिहितो.

पार्ल्याची_सई

म्हणजे तहनामांच्या चाळणीत फ्रान्स-जर्मनी बाद? इथे असहमत. 'जर्मनी मोडून पडला होता' हे खरंच, पण १९१९ लाही तो हरलेलाच होता आणि तेव्हा समेट टिकला नाही. सीमा मान्य करणारा लोकार्नो करार १९२५, फ्रान्सचे ब्रियाँ आणि जर्मनीचे स्ट्रेसमान यांना १९२६ चं शांतता नोबेल, आणि मार्च १९३६ मध्ये सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य. तेव्हा पराभव हे कारण पुरत नाही.

फरक पडला तो वस्तूवर हात घातल्याने. ९ मे १९५० चं फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमन यांचं निवेदन, १८ एप्रिल १९५१ चा पॅरिस करार, सहा देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक उच्चाधिकार मंडळाखाली. रणगाडा ज्यातून होतो तेच सामाईक. तरीही युद्धानंतर फ्रान्सच्या अंमलाखाली गेलेला जर्मनभाषक सार प्रांत अडकलाच होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये तिथल्या ६७.७ टक्के मतदारांनी 'युरोपीय सार' ची (सार वेगळा ठेवण्याची) योजना फेटाळली. फ्रान्सने त्रागा केला नाही, मोबदला मागितला: मोझेल नदी मोठ्या बोटींसाठी खोल करायची, आणि वॉर्न्टच्या कोळशाचे काही हक्क. १ जानेवारी १९५७ ला सार पश्चिम जर्मनीत, १९६४ ला मोझेलचा जलमार्ग खुला. दोघांच्या मैत्रीचा एलिझे करार १९६३ चा, म्हणजे मिठी सारचा प्रश्न मिटल्यानंतरची.

तहनामा

सार-मोझेलचा मुद्दा पटला, तो घ्याच. पण अमेरिकी सैन्य जर्मनीत बसलेलं होतं आणि पलीकडे सोव्हिएत होते, हे 'भीती कुणाची' या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर गट 'एकत्र धंदा केला की झालं' या निष्कर्षावर उडी मारेल.

घाटकोपर_फास्ट

पण व्यापारानेच तर सुटतं ना सगळं? दोघांचं नुकसान असेल तर कोण लढेल?

तहनामा

१९१४ आधी ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांची मोठी गिऱ्हाइकं होती. १९८७ मध्ये अमेरिका-सोव्हिएत व्यापार नगण्य होता, तरी एक अख्खा क्षेपणास्त्र वर्ग मोडीत निघाला. अमेरिका आणि चीन यांचा व्यापार वाढत गेला आणि संशयही वाढत गेला. व्यापार मिटलेलं टिकवायला मदत करतो. मिटवत नाही.

मोजणीदार

अमेरिका-सोव्हिएत घेताना भाषणं आणि शिखर परिषदांचे फोटो टाळा, यंत्रणा दाखवा. दोन पुरतील.

पहिली हॉटलाइन, म्हणजे दोन राजधान्यांमधली थेट लाइन. ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा पेचात (तिथल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून) सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं एक पत्र वॉशिंग्टनला पोचून उलगडायला जवळपास अर्धा दिवस लागला. म्हणून २० जून १९६३ चा करार. लाल फोन वगैरे सिनेमातला. प्रत्यक्षात टेलिप्रिंटर होता, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे. लेखी असण्यामागे कारण आहे: बोलण्यात सूर चढतो आणि दुभाषा घाईत चुकतो.

दुसरी ८ डिसेंबर १९८७ चा आयएनएफ (मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा) करार. ५०० ते ५,५०० किमी पल्ल्याची जमिनीवरून डागायची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट. एकूण २,६९२: सोव्हिएत १,८४६, अमेरिकी ८४६. आकडे असमान आहेत, हेच गटाला विचारा: ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त मोडायचं कबूल का केलं? पडताळणीसाठी सोव्हिएत युनियनमधल्या वोत्किन्स्क कारखान्याच्या फाटकावर अमेरिकी निरीक्षक मुक्कामाला, आणि यूटातल्या मॅग्ना इथे सोव्हिएत निरीक्षक. कारण नेमकं होतं. बंदी असलेल्या एसएस-२० क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा आणि बंदी नसलेल्या एसएस-२५ चा पहिला टप्पा बाहेरून सारखेच दिसत. फाटकातून बाहेर पडणारी नळी कुठली, हे बघायला माणूस तिथेच हवा. निरीक्षणाची मुदत १३ वर्षं.

गफलत इथे होते: लोक म्हणतात २,६९२ अणुबाँब नष्ट झाले. नाही. क्षेपणास्त्रं मोडली. स्फोटकाग्र (टोकाचा अणुस्फोटक भाग) काढून ठेवायची करारात मुभा होती.

हा करार पुढे का मोडला, हेही सांगा. निरीक्षण २००१ ला संपलं. २०१४ पासून अमेरिका उघडपणे म्हणू लागली की रशिया करार मोडतोय, रशियाने नाकारलं आणि उलट आरोप केले. आणि चीन करारात नव्हताच, त्याने दरम्यान याच पल्ल्याची क्षेपणास्त्रं भरपूर बनवली. २ ऑगस्ट २०१९ ला करार संपला. दोघांत केलेला करार तिसरा मोठा झाल्यावर सैल पडतो. अमेरिका-चीनच्या चर्चेला इथूनच जाता येईल.

सूत्रधार_परळ

कृतीसाठी माझी शिफारस: २८ फेब्रुवारी १९७२ चा शांघाय जाहीरनामा. त्यात अमेरिका आणि चीनने मतभेद लपवले नाहीत. दोघांनी आपापलं म्हणणं वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडलं, आणि जेवढं जुळलं तेवढंच सामाईक लिहिलं. हाच साचा वापरा.

दोन गट आठ-आठ जणांचे, तिसरा सहा जणांचा. पहिले दोन गट महासत्ता. तिसरा म्हणजे ज्याच्यावर निर्णय होणार पण ज्याला खोलीत बसवलेलं नाही. त्यांना दाराबाहेर व्हरांड्यात बसवा, नाटक म्हणून नव्हे, ऐकू जाऊ नये म्हणून. १० मिनिटं वाचन. २५ मिनिटं: प्रत्येक महासत्तेने १५० शब्दांत आपली बाजू लिहायची. २० मिनिटं: सामाईक परिच्छेद, जास्तीत जास्त तीन वाक्यं. मग तिसऱ्या गटाला मसुदा द्या आणि १५ मिनिटं त्यांनाच बोलू द्या. उरलेला वेळ चर्चा. पावणेसातला थांबा, कर्जत-कसारावाल्यांचं लक्ष त्यानंतर घड्याळाकडेच असतं.

नियम एकच: 'विश्वास', 'मैत्री', 'सौहार्द' हे शब्द बाद. प्रत्येक वाक्यात कोण, कुठे, कधीपर्यंत हे हवं.

बिघडतं ते असं: पाचव्या मिनिटाला सगळे सज्जन होतात आणि गोड मसुदा तयार. म्हणून दोन्ही महासत्तांना एकेक गुप्त चिठ्ठी द्या. अमेरिकेला 'निवडणूक आठ महिन्यांवर'. चीनला 'उत्तर सीमेवर सोव्हिएत सैन्य'. आता दोघांनाही देण्यापेक्षा न देण्याची कारणं सापडतात. कामगार युनियनमध्ये वाटाघाटी केलेलं कुणी असेल तर त्यांना पुढे करा, परीक्षावाल्यांपेक्षा ते बरे पडतात.

आणि बिलाचा रकाना इथे आपल्यालाच लागू होतो. अमेरिकी अध्यक्षांचे सल्लागार किसिंजर जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. तो मार्ग उघडा राहावा म्हणून पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलींवर वॉशिंग्टनने याह्या खान यांना जाब विचारला नाही. ९ ऑगस्टला भारत-सोव्हिएत करार झाला. डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात.

दादरकट्टा

हे फारच कामाचं. तीन शनिवार असे बसवतोय: ब्रिटन-अमेरिका (सोबत सार-मोझेल अर्धा तास), मग रशिया-चीन, मग आयएनएफवरून शांघाय कृती. भारत-चीनचं राहिलं.

नकाशेवाला

घ्या, पण दुसऱ्या शनिवारी, रशिया-चीनच्या लगेच पुढे, आणि वीस मिनिटांवर जाऊ देऊ नका.

सप्टेंबर १९९३: प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार. नोव्हेंबर १९९६: रेषेपासून दोन किमीच्या आत गोळीबार नाही. कागदावर दोन्ही उत्तम. पण रेषा नेमकी कुठून जाते, हे दोघांनी एका नकाशावर कधी मान्यच केलं नाही. २००० मध्ये फक्त मध्य क्षेत्राचे नकाशे बदलले गेले. २००२ मध्ये पश्चिम क्षेत्राचे दाखवायची वेळ आली आणि बोलणी तिथेच अडली. मग दोन्हीकडची गस्त एकाच जागेवर 'आपल्या हद्दीत' चालू राहते. १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० भारतीय जवान शहीद झाले. गोळी चालली नाही, म्हणजे १९९६ चं ते कलम पाळलं गेलं आणि तरी माणसं गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीवर सहमती झाली. रेषेवर नाही.

कुणी 'मग बेटं वाटली तशी जमीन वाटा' म्हणेल. नदीत जलमार्गाचं तत्त्व असतं. अक्साई चीनमध्ये दोघांना मान्य असं एकही तत्त्व नाही, आणि तिथून चीनचा शिनजियांग-तिबेट रस्ता जातो. तुलना तिथे थांबते, हे तुम्हीच आधी सांगून टाका.

दादरकट्टा

झेरॉक्स काय काय काढू?

सूत्रधार_परळ

जाहीरनामा सगळ्यांना नको, गटाला दोन प्रती पुरतात. पाठपोट काढू नका, मसुदा मागच्या कोऱ्या बाजूला लिहितात. चिठ्ठ्या हातानेच लिहा.

नकाशेवाला

आणि खाबारोव्स्कच्या आसपासचा एक मोठा नकाशा, ए-३. जुन्या शालेय ॲटलासमधून घेऊ नका, त्यात ती बेटं पूर्ण रशियाच्या रंगात असतात. २००८ नंतर छापलेला आहे का, बघून घ्या.