सहा स्थळे, १४ तास आणि पहिली रांग

मुक्तविहारी :
गेल्या रविवारी आम्ही घरचे पाच जण एका दिवसाच्या बससहलीला गेलो होतो. पत्रकावर सहा स्थळे होती आणि ती सहाही झाली. माझी तक्रार हीच आहे की ती नुसती ‘झाली’. १४ तासांपैकी साडेआठ तास आम्ही बसमध्ये बसून काढले. ज्या किल्ल्यासाठी मुले आठवडाभर दिवस मोजत होती त्याच्या वाट्याला ३५ मिनिटे आली आणि हस्तकलेच्या दुकानाच्या वाट्याला ५०. ज्यांना एखादे ठिकाण खरोखर पाहायचे आहे त्यांनी स्वतःच्या वाहनाने जावे. ज्यांना पाहून आल्याचे केवळ सांगायचे आहे, त्यांच्यासाठी बस आहेच.

चाकामागचा :
शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही. वीस वर्षे आमच्या घरची गाडी मी चालवत आलो आहे. घाटातला धबधबा किती देखणा होता हे मला दर वेळी मागच्या आसनावरून ऐकू येते, कारण त्या क्षणी मी समोरून येणाऱ्या मालमोटारीकडे पाहत असतो. मुक्काम गाठल्यावर गाडी कुठे लावायची याची विवंचना, आणि परतीच्या वाटेवर सगळे झोपले की जागे राहण्याची जबाबदारीही माझीच. मागच्या वर्षी बससहलीला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मी, पत्नी आणि मुलगा एकाच वेळी एकाच खिडकीतून बाहेर पाहत होतो. माझ्या आईचे गुडघे दुखतात आणि बसची पहिली पायरी तिला उंच पडते. सहायकाने पहिल्याच थांब्यावर ते हेरले आणि त्यानंतर दर वेळी ती दाराशी येण्याआधी न सांगता पायरीखाली लाकडी ठोकळा सरकवला. त्या दिवशी तिने सहापैकी चारच ठिकाणे पाहिली, पण घराबाहेर ती आठ महिन्यांनी पडली होती. सहली आयोजित करण्याच्या व्यवसायाचे आद्य प्रवर्तक थॉमस कुक यांनी इंग्लंडमध्ये ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेली, तेव्हाही ज्यांच्या दाराशी स्वतःची घोडागाडी होती त्यांनी अशीच नाके मुरडली असतील. आपला राग दुकानावर असेल तर तो दुकानावरच काढावा, आमच्यावर नको.

मोजपट्टी :
दोघांनीही भावनेच्या भरात साधा हिशेब सोडून दिला आहे. ४० प्रवासी, उतरायला एकच दार आणि प्रत्येकाला ६ सेकंद धरले, तरी उतरण्यात ४ मिनिटे जातात आणि चढण्यात ४. सहा थांब्यांचे मिळून ४८ मिनिटे होतात, आणि यात कोणाचीही चूक नाही. आता एक प्रवासी छायाचित्रांच्या नादात १० मिनिटे उशिरा आला आणि ३९ जण खोळंबले, तर माणसांचे साडेसहा तास वाया गेले. चालकाच्या विश्रांतीची वेळ यातून कापता येत नाही आणि कापूही नये; युरोपीय संघात साडेचार तास वाहन चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती बंधनकारक आहे, ती उगाच नव्हे. त्यामुळे सहा स्थळांचे पत्रक वाचतानाच त्यातली दोन मनातून खोडून टाकावीत. दुकानाबद्दल मात्र मुक्तविहारींशी मी सहमत आहे, कारण तिथल्या ५० मिनिटांचा लाभ कोणाच्या खिशात जातो हे सर्वांनाच ठाऊक असते.

शेवटची रांग :
तुम्ही मिनिटे मोजत बसा, मी आमच्या सहलीत पिशव्या मोजत होते. माझ्या सात वर्षांच्या मुलीला बस लागते आणि आम्हाला जागा मिळाली ती अगदी शेवटी. पुढे बसलेल्यांना मी हात जोडून विनंती केली, तेव्हा ‘आम्ही आधी नोंदणी केली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. मागची रांग चाकांच्याही पलीकडे असते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ती उसळते आणि प्रत्येक वळणाला झुलते. शिवाय तिथून समोरचा रस्ता दिसत नाही. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलत आहोत आणि डोळ्यांना दिसते ती समोरच्या आसनाची स्थिर पाठ, या विसंगतीनेच पोट ढवळून निघते. पहिली रांग वय आणि प्रकृती पाहूनच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजपट्टी :
कारण आपण अचूक सांगितले आहे, पण मग निघण्याच्या तासभर आधी डॉक्टरांना विचारून औषध का दिले नाही? मळमळ सुरू झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो, म्हणजे प्रकृतीचा निकष लावला तर सहलीतली निम्मी बस पहिल्या रांगेवर हक्क सांगेल.

शेवटची रांग :
औषध दिले होते. आई आहे मी, सहलीची पाहुणी नव्हे! ते घेतल्यावर ती दुपारपर्यंत पेंगत राहिली आणि पहिली तीन स्थळे तिने माझ्या खांद्यावर डोके ठेवून ‘पाहिली’. आपल्या ६ सेकंदांच्या हिशेबात झोपलेले मूल कडेवर घेऊन उतरणारी बाई कुठे बसते, तेही एकदा मांडून दाखवावे.

मोजपट्टी :
ती बसत नाही. तिच्यासाठी २० सेकंद धरायला हवे होते, हे मान्य.

चाकामागचा :
मीही आधी नोंदणी करून पुढची जागा घेतली होती, ती आईच्या गुडघ्यांसाठी. कोणी मागितली असती तर मी माझी जागा दिली असती, आईची नव्हे. त्यामुळे प्रत्येक नकाराला उद्धटपणा समजू नये, एवढीच विनंती. मात्र पुढे बसून पडदा ओढून घेणाऱ्यांबद्दल माझ्याकडे चांगला शब्द नाही.

मुक्तविहारी :
माझ्या धाग्याची आसनव्यवस्था झालेली पाहून आनंद वाटला. आता विषय निघालाच आहे तर सांगतो की त्या रविवारी पहिल्या रांगेत आम्हीच होतो. कोणी जागा मागितली नव्हती. मागितली असती तर काय केले असते, हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पडदा आम्हीही ओढला होता, कारण ऊन मुलांच्या मोबाइलवर पडत होते. चाकामागचा यांनी आपला चांगला शब्द सांभाळून ठेवावा. किल्ल्याला ३५ मिनिटे अपुरीच होती, या मतावर मी अजूनही ठाम आहे.

शेवटची रांग :
निदान तुम्ही तो किल्ला जागेपणी पाहिलात. पुढच्या वेळी नोंदणी कधी करणार आहात ते कळवा, म्हणजे मी एक दिवस आधी करीन.