स्व-करुणेला गुण देता येतात का?

पारोळ्याची ताई: एम.ए.च्या प्रकल्पासाठी जवळच्या एका गावात स्व-करुणेची, म्हणजे अडचणीत माणूस स्वतःशी किती मायेनं वागतो याची, प्रश्नावली भरून घेतेय. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांची, २००३ ची. २६ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. आत्मनिंदेकडे झुकणाऱ्या विधानांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे ५ चा १. काल कापूस वेचून आलेल्या एका मावशींना वाचून दाखवलं, ‘कठीण काळात मी स्वतःशी कठोर वागते.’ मावशींनी डोक्याचं फडकं सोडलं. “हाई काय इचारस माय? जीव घट्ट करनाच पडस!” आणि ताठ मानेनं पाच बोटं दाखवली. मी ५ लिहिला, घरी येऊन त्याचा १ केला. नवऱ्यामागे दोन लेकरं आणि चार बिघे सांभाळणारी बाई माझ्या तक्त्यात स्वतःवर निर्दय ठरली. असलं काही कागदावर मोजता येत नाही, हे माझं मत झालंय.

आकडेमोड्या: ताई, चूक भाषांतराची आणि राग प्रश्नावलीवर! जीव घट्ट करणं म्हणजे धीर धरणं, स्वतःला बोल लावणं नव्हे. आधी पाच-सहा बायांना ‘यातून काय कळलं?’ असं विचारून पाहिलं होतं का? शिवाय एका विधानावर कुणी ठरत नाही, सरासरी २६ विधानांची असते. आतलं विचारल्याशिवाय कळणार कसं?

तापीकाठ: भाषांतर सुधारलं तरी मूळ भांडण राहतंच. प्रश्नावलीतली विधानं सहा घटकांत वाटलेली आहेत, त्यांपैकी तीन उलटे आहेत: आत्मनिंदा, एकटं पडणं, दुःखात वाहून जाणं. मानसिक त्रासाशी या उलट्या बाजूचं नातं सुलट बाजूपेक्षा जास्त जवळचं आहे, हे म्युरिस आणि पेट्रोकी या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. मग गुण कमी आले तर माया कमी म्हणायची की त्रास जास्त? आणि ताईंनी वाचून दाखवलं, मावशींनी बोटं दाखवली. दारात शिकलेली पोरगी वही घेऊन उभी असताना कोण रडकं उत्तर देईल?

आकडेमोड्या: नेफ यांच्या मते ती एकाच तराजूची दोन पारडी आहेत. २०१९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २० गटांतल्या ११,६८५ जणांवर तपासलं, एकूण गुण वापरायला हरकत नाही असं निघालं.

तापीकाठ: त्यात अहिराणीतून विचारलेली गावं किती, भाऊ?

धुळेकर: शेवभाजी खा नि झोपा. आमच्या आजीला स्वतःचे लाड करायला वेळ कुठे होता!

आकडेमोड्या: लाड वेगळे हो दादा. शेजारणीला जे समजावून सांगतो ते स्वतःला सांगतो का, एवढंच विचारलंय.

पारोळ्याची ताई: आज परत गेले होते. कागद पिशवीतच ठेवला. विचारलं, “कापूस भिजला तेव्हा मनात स्वतःला काय म्हणालात?” मावशी बराच वेळ बोंडाची टरफलं निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मीच येडी. आधी येचाले पाहिजे व्हता.” पाऊस मावशींनी पाडला नव्हता. तो १ खोडावा की राहू द्यावा, आता मलाच कळेना.