अनुभव धागा: ‘मी कोण?’ हा प्रश्न तुम्हाला कधी पडला?

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. परवा जेवता जेवता म्हणाला, “बाबा, मले डॉक्टर नाही व्हायचं. काय व्हायचं तेही नाही माहीत.” मी चिडलो. नंतर रात्रभर तळमळत होतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी बारा ते अठरा या वयाचं मुख्य काम स्वतःची ओळख घडवणं हेच मानलं. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये त्यातले प्रकार वेगळे केले: कोणी शोधून ठरवतो, कोणी अजून शोधत असतो, कोणी शोधायच्या फंदातच पडत नाही आणि कोणी घरच्यांनी ठरवलेलं न तपासता उचलतो. मी त्या शेवटच्यातला. मुलाचं तसं होऊ नये असं मनापासून वाटतं. तुमचं ते वय कसं गेलं, लिहाल का?

महाल, वय ३८
नववीत तोंडभर मुरुमं आली. नागपूरच्या उन्हात सगळ्याच पोरी तोंडाला दुपट्टा बांधतात, त्यामुळे माझा कोणाला खटकला नाही. पाऊस सुरू झाला, तरी मी तो सोडला नाही. ओला दुपट्टा नाकाला चिकटायचा, श्वास घेववत नसे, पण बर्डीच्या बाजारातला प्रत्येक माणूस माझेच गाल बघतोय याची खात्री होती. आजीनं एकदा गाठ सोडून तोंड पुसलं, काही बोलली नाही. पुढे बी.एड. करताना वाचलं की मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये यालाच ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं. ते वाचून खूप रडले.

इंदोरा, वय ४५
अकरावीत क्लासमध्ये मी आडनाव सांगत नसे. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. त्यांनी मला एकदाही रागावून विचारलं नाही. अकरावीतल्या त्या दसऱ्याला फक्त सोबत दीक्षाभूमीवर नेलं आणि पाणी वाटायला उभं केलं. रात्रभर प्रवास करून आलेली एक म्हातारी पेला परत देताना म्हणाली, “नाव काय रे बाबू?” मी पूर्ण नाव सांगितलं. आजोबा बाजूलाच होते.

मूळ सक्करदरा, आता पुणे
होस्टेलवर माझ्या ‘मले-तुले’ला हसायचे, म्हणून बोली सोडली. दिवाळीत घरी आलो तर आई म्हणाली, “काहून पाहुण्यावानी बोलून राहिला रे?” ते अजून टोचतं.

त्रिमूर्तीनगर, वय १७
काका, त्याला रोज ‘मग काय होणार?’ असं विचारू नका. मला विचारतात. मागे कंटाळून ‘सीए’ म्हणून टाकलं, तर बाबांनी संध्याकाळपर्यंत क्लासची फी भरली. ते इतके खूश होते. मला अजून काहीच माहीत नाही, आणि आता ते त्यांना सांगवत नाही.